व्यायामानंतरची तीस मिनिटे आणि दिवसभराची एकसष्ट ग्रॅम प्रथिने : उद्यमबागेतील एका कामगाराचे प्रकरण

होळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा पंचवीस वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे, मशीन चालवतो आणि शहराच्या दक्षिणेकडील एका खेड्यात आईवडिलांबरोबर राहतो. टिळकवाडीतील एका व्यायामशाळेत तो चौदा महिने वजने उचलत होता. पहिल्या नऊ महिन्यांत त्याचे वजन ५६ किलोवरून ६१ किलोवर गेले आणि पुढचे पाच महिने ते तेथेच थांबले. उंची १७१ सेंटिमीटर, कोणताही आजार नाही, तंबाखू किंवा दारूचे व्यसन नाही. खांद्यावर ६० किलो घेऊन आठ बैठका, म्हणजे व्यायामशाळेच्या भाषेत स्क्वॉट, हा त्याचा आकडाही तितकेच महिने अडकलेला होता.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : "सर, व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घेतोच की मी. एक दिवस चुकवली नाही. मग वजन का वाढेना?" पावडर म्हणजे प्रथिनांची पावडर. व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत प्रथिने पोटात गेली तरच स्नायू वाढतात, नाहीतर मेहनत वाया जाते, अशी व्यायामशाळांतील समजूत आहे; त्या अर्ध्या तासाला 'खिडकी' म्हणतात.

हे प्रकरण त्याच्या संमतीने, नाव न देता लिहीत आहे. ते सविस्तर लिहावेसे वाटले याचे कारण असे की, त्याच्यासारखी दहा-बारा मुले मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची मेहनत प्रामाणिक असूनही ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते.

पहिल्याच भेटीत त्याने सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनात राहिला. फेब्रुवारीतील एका संध्याकाळी व्यायाम संपताच त्याने नेहमीप्रमाणे मोबाईलवर वेळ लावली आणि मोटारसायकल काढली. दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडीसाठी फाटक पडले होते. दुतर्फा गाड्यांची रांग लागली आणि मोबाईलवर सत्तावीस मिनिटे झाली, तेव्हा त्याने पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली, त्यातील पावडर शेकरमध्ये ओतली, बाटलीतले कोमट झालेले पाणी घातले आणि पेट्रोलच्या टाकीवर शेकर टेकवून, हलवून, तेथेच उभ्याने ती प्यायली. गुठळ्या तशाच राहिल्या होत्या, हेही त्याने सांगितले. घरी पोहोचल्यावर पोट जड वाटले म्हणून त्या रात्री त्याने एकच भाकरी खाल्ली. तीस मिनिटांची मर्यादा त्याने पाळली होती. मात्र तिच्यासाठी रात्रीच्या जेवणातली एक भाकरी, तिच्याबरोबरची आमटी आणि भात त्याने गमावला होता, आणि याकडे त्याचे लक्षही गेले नव्हते.

वहीत काय दिसले

मी त्याला लगेच कोणताही सल्ला दिला नाही. एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितले की एक आठवडा पहिल्या पाळीचा व एक आठवडा दुसऱ्या पाळीचा, असे दोन आठवडे जे काही पोटात जाईल ते वेळेसह लिहून आण. वाटी, पळी, भाकरी या मापांत लिहिले तरी चालेल, फक्त घरातील वाटीत किती मावते ते एकदा मोजून घे. हे काम त्याच्या आईने मनापासून केले. किराणा दुकानात जाऊन त्यांनी एक वाटी कोरडी मटकी तोलून आणली, पिठाचा गोळा तोलला आणि वहीच्या पहिल्या पानावर आकडे लिहून ठेवले. पुढचा सगळा हिशेब त्या पानावर उभा आहे.

पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा; दर आठवड्याला बदल. पहिल्या पाळीत तो संध्याकाळी साडेपाचला व्यायाम करी, दुसऱ्या पाळीत सकाळी दहाला. सकाळी चहा व दोन बिस्किटे, मग एक प्लेट उप्पीट, डब्यात तीन चपात्या, सुकी भाजी, थोडी आमटी आणि भात, रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पातळ आमटी आणि भात. आपल्या भागातील बहुतेक कष्टकरी घरांत हेच जेवण असते. चपातीत सुमारे तीन ग्रॅम, भाकरीत पाच, वाटीभर भातात तीन, पातळ आमटीत चार ते पाच, अशी बेरीज केली, तेव्हा दिवसाची प्रथिने ४४ ग्रॅमच्या आसपास आली. त्यात व्यायामाच्या दिवशी पावडरीचे २४ ग्रॅम मिळत.

येथपर्यंत हिशेब फार वाईट नव्हता. खरी अडचण वारांमध्ये होती. मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे व्यायामाचे दिवस, म्हणून पावडर त्या चार दिवशीच. सोमवारी उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि चहा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. जे काही मिळते ते दाण्याच्या कुटातून. त्यामुळे सोमवारची बेरीज ३० ग्रॅम झाली. गुरुवारी घरात अंडेसुद्धा शिजत नाही, पावडरही नाही, म्हणून ४४. बुधवारी दोन अंडी धरून ८०, रविवारी कोंबडीचा रस्सा असल्यामुळे ७२, उरलेल्या तीन दिवशी ६८. आठवड्याची बेरीज ४३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी ६१ ग्रॅम. ६१ किलोच्या माणसाला दर किलोमागे बरोबर एक ग्रॅम.

सर्वसाधारण निरोगी प्रौढासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुचविलेले प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तेवढे त्याला मिळत होते. तो कुपोषित नव्हता. मात्र वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्या माणसाची गरज वेगळी असते. रॉबर्ट मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांतील १,८६३ व्यक्तींची आकडेवारी एकत्र करून दाखविले की, वजनांच्या व्यायामाबरोबर प्रथिने वाढविल्याने स्नायूंची वाढ सुधारते आणि सुमारे १.६ ग्रॅम प्रति किलो या पातळीनंतर सरासरीने आणखी लाभ दिसत नाही. या मुलासाठी तो आकडा दिवसाला ९८ ग्रॅम होतो. म्हणजे रोज ३७ ग्रॅम कमी पडत होते, आणि तो मात्र फाटकापाशी सत्तावीस मिनिटे झाली की अठ्ठावीस, हे पाहत होता.

वहीबाहेर आणखी एक गोष्ट सापडली, जी मला प्रथिनांपेक्षाही गंभीर वाटली. त्याच्या व्यायामशाळेच्या हजेरीपत्रकावरून मागील एकवीस आठवडे तपासले. आठवड्याला चार याप्रमाणे ८४ दिवस व्यायाम व्हायला हवा होता. झाला ५७ दिवस. राहिलेल्या २७ दिवसांपैकी काही जादा कामामुळे, काही घरच्या लग्नकार्यामुळे गेले होते, पण अकरा दिवस असे होते की पावडर संपली होती किंवा व्यायामानंतर ती वेळेत घेता येणार नव्हती, म्हणून तो व्यायामालाच गेला नव्हता. "पावडर नसेल तर जाऊन स्नायू झिजवून काय घेणार, असं वाटायचं," असे त्याने सांगितले. अर्ध्या तासाची भीती एवढी खोल गेली होती की तिने व्यायामच बंद पाडला. वेळेच्या नियमाला मी हानिकारक म्हणतो ते याच कारणाने, कारण पावडर उशिरा घेतल्याने होणारे नुकसान शोधूनही सापडत नाही, पण हे अकरा दिवस हजेरीपत्रकावर दिसतात.

अर्ध्या तासाचा नियम आला कोठून

या समजुतीला मुळीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे एक मूळ सहनशक्तीच्या खेळांत आहे. १९८८ मध्ये जॉन आयव्ही यांच्या गटाने सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, दीर्घ व्यायामानंतर पिष्टमय पदार्थ लगेच दिले तर स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा पहिल्या काही तासांत जलद भरतो आणि दोन तासांनी दिले तर हळू भरतो. ज्याला त्याच दिवशी पुन्हा पळायचे आहे, त्याच्यासाठी ही माहिती मोलाची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पुष्कळ आहेत. पहाटे पळून संध्याकाळी पुन्हा मैदानावर येणाऱ्या मुलाला मी धावणे संपताच केळी, गूळ-चपाती खायला सांगतो. परंतु आठवड्यातून चार दिवस तासभर वजने उचलणाऱ्या माणसाचा साठा इतका रिकामा होत नाही, आणि पुढच्या व्यायामापर्यंत त्याच्याकडे किमान जवळजवळ चोवीस तास असतात. त्या वेळात तो साठा साध्या जेवणानेही भरतो.

दुसरे मूळ प्रथिनांच्या अभ्यासांत आहे. डेन्मार्कमध्ये २००१ साली सरासरी ७४ वर्षांच्या तेरा पुरुषांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. व्यायामानंतर लगेच दहा ग्रॅम प्रथिनांचे पेय घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, दोन तासांनी घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. हा निष्कर्ष सर्वत्र फिरला आणि फिरता फिरता त्यातील वय, तेरा ही संख्या आणि दहा ग्रॅम ही अल्प मात्रा गळून पडली. चौऱ्याहत्तरीतल्या शरीराला स्नायू बांधण्याची सूचना क्षीणपणे पोहोचते. पंचविशीतल्या शरीराची गोष्ट निराळी आहे.

तरुणांबाबत काय दिसते? १९९७ मध्ये स्टुअर्ट फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मोजले की, वजनांच्या एका व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मितीचा वेग तीन तासांनी दुपटीहून अधिक झालेला होता, चोवीस तासांनीही तो ६५ टक्के जास्त होता आणि अठ्ठेचाळीस तासांनीही सुमारे एकतृतीयांश जास्त होता. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा काळ आखूड होतो हे खरे, तरीही तो तासांमध्ये मोजायचा असतो, मिनिटांमध्ये नव्हे. ज्याला खिडकी म्हणून दाखविले जाते तो दिवसभर उघडा असलेला दरवाजा आहे.

२०१३ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड, ॲलन ॲरागॉन आणि जेम्स क्रीगर यांनी तोपर्यंतच्या प्रयोगांची एकत्रित फेरतपासणी केली. साध्या बेरजेत वेळ पाळणाऱ्यांचा थोडा फायदा दिसला. मात्र अनेक प्रयोगांत वेळ पाळणाऱ्या गटाला एकूण प्रथिनेही जास्त मिळत होती. तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा परिणाम उरला नाही. पुढे २०१७ मध्ये शोनफेल्ड यांच्या गटाने सरावलेल्या २१ पुरुषांना दोन गटांत विभागले : एका गटाला व्यायामाच्या अगदी आधी २५ ग्रॅम प्रथिने दिली आणि नंतर तीन तास काही खाऊ दिले नाही, दुसऱ्या गटाला आधी तीन तास काही नाही आणि संपताच २५ ग्रॅम. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे स्नायू आणि ताकद यांत उल्लेखनीय फरक नव्हता.

या प्रयोगाचा अर्थ मी त्याला त्याच्याच दिवसावरून समजावला. दुपारी साडेतीनला पाळी सुटल्यावर चार वाजता तू घरी चार घास खाल्लेस, तर साडेपाच ते पावणेसात व्यायाम चालू असताना ते अन्न पचतच असते, त्यातील अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, रक्तात येतच असतात. व्यायाम संपला त्या क्षणी शरीर उपाशी नसते, म्हणून तेथून घड्याळ सुरू करण्याला अर्थ नाही. व्यायामाआधीचे खाणे आणि नंतरचे खाणे यांत तीन-चार तासांपेक्षा फार मोठे अंतर पडू नये, एवढी काळजी पुरते.

त्याचे वडील तेव्हा शेजारी बसले होते. तरुणपणी त्यांनी गावच्या तालमीत लाल माती अंगाला लावली आहे आणि आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्याही पाहिल्या आहेत. ते म्हणाले, "आमच्या वस्तादांनी कधी घड्याळ नाही लावलं बघा. मेहनत झाली की अंग थंड होऊ द्यायचं, मग थंडाई, मग दूध. पण खुराक चुकला तर मात्र तालमीत पाऊल टाकू देत नव्हते." जुन्या तालमीतील प्रत्येक समजूत बरोबर होती असे मी म्हणणार नाही, तूप आणि बदाम यांवरचा भर मला आजही जास्त वाटतो, पण खुराक हा शब्द दिवसभराच्या खाण्यासाठी होता, एका घोटासाठी नव्हता, हे त्यांचे निरीक्षण मी वहीत लिहून घेतले.

काय बदलले

पहिला बदल पावडरीच्या दिवसांचा होता, आणि त्यालाच तो सर्वांत जास्त बिचकला. व्यायामाच्या चार दिवसांऐवजी पावडर सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी घ्यायची, कारण त्या दिवशी घरच्या स्वयंपाकातून प्रथिने कमी येतात. यांपैकी केवळ शनिवार व्यायामाचा होता. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी व्यायाम संपल्यावर काहीही न पिता सरळ घरी जायचे आणि जेवायचे. पहिल्या मंगळवारी रात्री त्याचा फोन आला. अंग हलके वाटते आहे, स्नायू उतरल्यासारखे दिसत आहेत, असे तो म्हणत होता. व्यायामात स्नायूंत भरलेले रक्त तासाभरात ओसरते आणि तो फुगवटा जातो, हे पावडर घेतली तरी घडतेच, एवढे सांगून मी त्याला जेवायला लावले.

बाकीचे बदल स्वयंपाकघरातले होते आणि ते त्याच्या आईशी बोलून ठरवले. सकाळी तीनशे मिलीलिटर दूध आणि मूठभर फुटाणे, म्हणजे चाळीस ग्रॅम : मिळून १८ ग्रॅम. डब्यातील पातळ आमटीच्या जागी घट्ट उसळ, मटकी किंवा हरभरे : सहा ग्रॅमची भर. दुपारी वाटीभर दही : पाच. रात्रीच्या आमटीत डाळ थोडी वाढवून तीन. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तीन उकडलेली अंडी : अठरा. सोमवारचा उपवास सोडायला मी सांगितले नाही. उपवासाला फुटाणे चालत नाहीत, पण दूध, दही, शेंगदाणे चालतात. त्यांत पावडर दुधातून घेतली की सोमवारची बेरीज ३० वरून ७८ झाली. पावडर उपवासाला चालते का, हा प्रश्न त्याच्या आईने विचारला. ती दुधापासूनच काढलेली असते, हे डब्यावरचे घटक वाचून दाखविल्यावर त्यांनी स्वतःच निर्णय घेतला.

या सर्वांची आठवड्याची बेरीज ६६४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९५. ठरवलेला ९८ चा आकडा गाठता आला नाही आणि त्यासाठी मी ओढाताण केली नाही. दूध, दही, उसळ वाढल्याने एकूण उष्मांकही वाढले, आणि पाच महिने वजन जराही न हलणे हा मुळात उष्मांक कमी पडत असल्याचाच पुरावा होता. हे सुरू करण्यापूर्वी त्याची मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी करून घेतली होती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने प्रथिने वाढविण्याचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊ नये.

वेळ जेथे खरोखर आड आली

वेळेला काहीच महत्त्व नाही, असा निष्कर्ष यातून काढला तर तोही चुकीचा ठरेल. त्याच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वेळेची एक खरी अडचण होती. तिच्याकडे मात्र त्याने कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या पाळीत तो रात्री आठच्या सुटीत डबा खाई. बाराला सुटून साडेबाराला घरी येई. सगळे झोपलेले असत, भांड्यांचा आवाज नको म्हणून पाणी पिऊन झोपे. सकाळी साडेआठला उठून फक्त चहा घेई आणि दहाला व्यायामाला जाई. सव्वाअकराला व्यायाम संपला की पावडर. म्हणजे रात्री सव्वाआठ ते सकाळी सव्वाअकरा, असे पंधरा तास त्याच्या शरीरात प्रथिने गेलेली नसत, आणि त्या पंधरा तासांच्या शेवटी तो जड वजने उचलत असे. उपाशीपोटी व्यायाम केल्यावर प्रथिनांची निर्मिती वाढते, पण झीज निर्मितीपेक्षा जास्तच राहते. अन्न पोटात गेल्यावरच पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. अशा माणसाने व्यायाम संपल्यावर लवकर खावे, हा सल्ला योग्यच आहे. त्याहून योग्य म्हणजे ते पंधरा तास मोडणे.

म्हणून दोन गोष्टी ठरल्या. रात्री परतल्यावर स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला पेलाभर दूध आणि दाण्याची चटणी लावलेली एक भाकरी खाऊनच झोपायचे. नेदरलँड्समध्ये २०१५ साली ४४ तरुणांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी प्रथिनांचे पेय घेणाऱ्यांचे स्नायू जास्त वाढले होते. त्यांना दिवसाची एकूण प्रथिनेही जास्त मिळत होती, त्यामुळे श्रेय रात्रीच्या वेळेला द्यायचे की एकूण मात्रेला, हा वाद शिल्लक राहतो. या मुलासाठी त्या वादाची गरज नव्हती, कारण त्याला दोन्हींची कमतरता होती. दुसरी गोष्ट, सकाळचे दूध-फुटाणे नऊच्या आत, व्यायामाला निघण्यापूर्वी. एवढ्याने पंधरा तासांचे अंतर साडेआठ तासांचे झाले, आणि तेही झोपेचे. एकूण मात्रेची बेरीज करताना ही रात्रीची भाकरी मी वेगळी धरलेली नाही. त्या आठवड्यात डब्यातील तिसरी चपाती बहुधा परत येई, म्हणून हिशेब जवळपास जुळतो.

प्रथिने दिवसभरात तीन-चार वेळा वाटून घ्यावीत, हेही मी त्याला सांगितले, पण हट्ट धरला नाही. वीस ग्रॅमच्या चार मात्रा दर तीन तासांनी घेतल्यास व्यायामानंतरच्या बारा तासांतील निर्मिती सर्वांत चांगली होते, असे २०१३ मधील एका प्रयोगाने दाखविले होते. तर २०२३ मधील दुसऱ्या प्रयोगात एकाच वेळी घेतलेली शंभर ग्रॅम दूधप्रथिनेही वाया न जाता बारा तासांहून अधिक काळ वापरली जात राहिली. मशीन थांबवून दर तीन तासांनी डबा उघडणे कामगाराला शक्य नसते. चहाच्या सुटीत जे शक्य आहे तेवढे पुरे.

सोळा आठवडे

चैत्रात गावची जत्रा आली, पाच दिवस घर पाहुण्यांनी भरले, वही कोरी राहिली आणि व्यायामाचे तीन दिवस गेले. तो आठवडा सोडला तर क्रम टिकला. आषाढी एकादशीच्या आठवड्यात सोळा आठवडे पूर्ण झाले. ६४ पैकी ५९ दिवस व्यायाम झाला होता. वजन ६१ वरून ६३.८ किलो. ६० किलोच्या आठ बैठकांच्या जागी ७७.५ किलोच्या आठ. दंडाचा घेर दीड सेंटिमीटरने, मांडीचा अडीच सेंटिमीटरने वाढला. कमरेचा घेरही एक सेंटिमीटरने वाढला, म्हणजे वाढलेले सारे वजन स्नायूंचे नव्हते. फितीने घेतलेल्या मापांत अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून तिन्ही मापे सकाळी, एकाच हाताने, तीनदा घेऊन मधले धरले.

यातील किती श्रेय कशाला द्यायचे? प्रथिने वाढली, उष्मांक वाढले, हजेरी ६८ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेली, आणि हे सर्व एकाच वेळी झाले. एका माणसाच्या प्रकरणातून ही सूत्रे वेगळी काढता येत नाहीत. माझा स्वतःचा कल हजेरीकडे आहे. मात्र एक गोष्ट या वहीतून स्पष्ट दिसते : सोळा आठवड्यांत व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत त्याने पावडर घेतली ती केवळ काही शनिवारी, आणि अडकलेले वजन याच काळात हलले. संध्याकाळच्या दिवशी व्यायाम आणि जेवण यांत सरासरी सव्वा तासाचे अंतर होते. एका मंगळवारी फाटक, पाऊस आणि पंक्चर मिळून ते अडीच तासांवर गेले; त्या नोंदीपुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, "तीन भाकऱ्या खाल्ल्या."

आता श्रावण तोंडावर आला आहे. त्या घरात महिनाभर अंडी-मटण बंद असते, म्हणजे आठवड्यातील चार दिवसांची भर एकदम जाणार. व्यायामाच्या तीन दिवशी अंड्यांच्या जागी सोयाचे वडे, कोरडे पस्तीस-चाळीस ग्रॅम, रस्स्यात घालायचे ठरले आहे. त्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. त्याच्या आईला त्यांचा वास आवडत नाही. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवून पाहू, असे त्या म्हणाल्या आहेत. रविवारी पनीर. पावडरीचे वार तेच राहतील. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सोयाच्या एका वाटीचे वजन आधीच लिहून ठेवले आहे.